मुंबईचा टाऊन हॉल : एका सभागृहाचीं स्थित्यंतरें

मुंबईच्या कोटांत हॉर्निमन सर्कलच्या पूर्व बाजूस, तीस पायऱ्यांच्या वर, आठ डोरिक स्तंभांची दर्शनी ओसरी असलेली जी भव्य इमारत आहे, तिला जुनीं माणसें 'टाऊन हॉल' म्हणत आलीं, आणि विद्याव्यासंगी लोक 'एशियाटिक' म्हणतात. एकाच वास्तूस दोन नांवें पडलीं, म्हणजे त्यांपैकीं एक बांधणाराच्या मनांतलें व दुसरें वापरणाराच्या तोंडचें, असें बहुधा आढळतें. येथें पहिलें नांव नगराचें आहे, दुसरें एका विद्वत्संस्थेचें. या दोन नांवांमधील अंतरांत जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे. तो क्रमवार मांडावा व त्यावरून निघेल तें अनुमान वाचकांपुढें ठेवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. 'सभा' या शब्दाची कसोटी

'टाऊन हॉल' यास 'नगरसभागृह' असा प्रतिशब्द देतां येईल. संस्कृतांत 'सभा' या एकाच शब्दानें एकत्र जमलेले लोकही समजतात, आणि ते ज्या घरांत जमतात तें घरही समजतें. शब्दाची ही दुहेरी शक्ति अर्थपूर्ण आहे. माणसांवांचून नुसत्या भिंतींस सभा म्हणतां येत नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत व्यवहारनिर्णयाच्या प्रसंगानें असा दंडक घालून दिला आहे कीं, सभेंत एक तर जाऊंच नये. गेल्यास उचित तेंच बोलावें. तेथें मौन धरणारा व विपरीत बोलणारा हे दोघेही सारखेच दोषी होत. हा दंडक न्यायसभेस उद्देशून असला, तरी त्यांतून कोणत्याही सभागृहास विचारतां येण्याजोगे दोन प्रश्न निघतात. आंत जाण्याचा अधिकार कोणास? आणि आंत गेलेल्यास बोलण्याची मोकळीक आहे किंवा नाहीं? टाऊन हॉलाचा इतिहास या दोन प्रश्नांच्या अनुरोधानें पाहिला, म्हणजे बांधकामाच्या सालावळीपलीकडचें पुष्कळ कांहीं हातीं लागतें.

२. उगम

या वास्तूची कल्पना नगराच्या कारभारांतून निघालेली नाहीं; ती ग्रंथांच्या पोटीं जन्मली. मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टाचा न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यानें ता. २६ नोव्हेंबर १८०४ रोजीं परळ येथील गव्हर्नरच्या बंगल्यांत 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' या संस्थेची स्थापना केली. त्यापूर्वीं, १७८९ सालीं, कांहीं डॉक्टर मंडळींनीं वैद्यक व वाङ्मय या विषयांच्या पुस्तकांचा एक संग्रह उभारला होता. तो लवकरच या सोसायटीनें आपलासा केला. पुस्तकें वाढूं लागलीं तशी जागेची अडचण भासूं लागली. ग्रंथालय, विद्वानांच्या बैठका, प्राचीन वस्तु व थोरांचे पुतळे या सर्वांस आश्रय मिळेल, आणि नगरांतील प्रतिष्ठितांसही जमतां येईल, असें एक मोठें गृह बांधावें, ही सूचना १८११ च्या सुमारास पुढें आली. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅकिंटॉश स्वदेशीं परतला. सूचना मात्र मागें राहिली.

द्रव्य उभें करण्यासाठीं सोरट काढण्याचा मार्ग पत्करण्यांत आला. त्या काळीं लोकोपयोगी कामास सोरटीचा पैसा लावणें हें लाजिरवाणें मानीत नसत. परंतु सोरटीचें उत्पन्न खर्चास पुरण्याजोगें नव्हतें. प्रत्यक्ष कामास १८२१ सालीं आरंभ झाला आणि तें १८३३ सालीं पुरें झालें. मध्यंतरीं द्रव्याच्या टंचाईमुळें काम रेंगाळत चाललें. आराखडा बॉम्बे इंजिनियर्स पलटणींतील कर्नल टॉमस कूपर याचा होता. एकंदर खर्च सुमारें साडेसहा लक्ष रुपये आला, आणि त्याचा मोठा भाग अखेर कंपनी सरकारास सोसावा लागला. स्तंभ इंग्लंडाहून जहाजानें आणविले होते; त्यांपैकीं कांहीं येथें बसेनात, म्हणून ते पुढें भायखळ्याच्या ख्रिस्त चर्चमध्यें लावले, अशी एक आख्यायिका मुंबईंत सांगतात.

येथें एक काळाची जुळणी लक्षांत घेण्यासारखी आहे. पेशवाईचा अस्त १८१८ चा. त्यानंतर तीनच वर्षांनीं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असतां, या सभागृहाच्या कामास प्रारंभ झाला. आणि त्याच १८२१ च्या आक्टोबरांत पुण्यास दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. पुण्यांत राहण्यासाठीं बांधलेल्या वाड्याची शाळा झाली. मुंबईंत सभेसाठीं बांधलेल्या गृहाचें ग्रंथालय झालें. राज्य पालटल्यावर वास्तूंचे उपयोग कसे पालटतात, याचीं हीं दोन उदाहरणें एकाच वर्षापाशीं येऊन मिळतात.

३. मालकी कोणाची?

वरील हकीकतींतून एक गोष्ट निष्पन्न होते. इमारतीस नांव नगराचें मिळालें, पण तिच्यावर सत्ता सरकारची राहिली. कारण शेवटची रक्कम सरकारनें भरली होती. पैसा देणारानें त्या बदल्यांत आपल्या कचेऱ्यांसाठीं जागा घेतली. तळमजल्यावर मुद्रांकांची कचेरी दीर्घकाळ नांदली. वर ग्रंथ, मध्यें दरबार व सभा, आणि खालीं स्टांपांचा व्यवहार, अशी ही तीन थरांची वस्ती होती. नगराचा कारभार पाहणाऱ्या महापालिकेनें १८९३ सालीं बोरीबंदरासमोर स्वतःचें मंदिर उभारलें. त्यामुळें 'टाऊन हॉल' हें नांव धारण करणारें घर एक व नगराचें खरें कारभारघर दुसरें, अशी स्थिति कायमची झाली. इंग्लंडांत टाऊन हॉल म्हणजे नगरपालिकेचें ठाणें, हा जो अर्थ रूढ आहे, तो मुंबईंत या वास्तूस लागू पडत नाहीं, हें संशोधकांनीं ध्यानांत ठेवावें. अन्यथा जुन्या कागदांतील 'टाऊन हॉलांत ठराव झाला' अशा वाक्यांचा विपरीत अर्थ होण्याचा संभव आहे.

४. दार उघडण्याचा क्रम

लिटररी सोसायटी १८३० च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीशीं जोडली जाऊन तिची मुंबई शाखा बनली, आणि टाऊन हॉल पुरा होण्याच्या सुमारास तिनें आपला संसार तेथें हलविला. परंतु आरंभीं ही विद्वत्सभा केवळ युरोपियनांची होती. ज्या देशाच्या विद्येचें संशोधन करावयाचें, त्या देशाच्या माणसास तेथें आसन नव्हतें. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थाचें नांव सभासदत्वासाठीं पुढें आलें तेव्हां तें प्रथम नाकारण्यांत आलें; पुढें १८४० सालीं त्यांचा प्रवेश झाला, आणि तेणेंकरून एतद्देशीयांस ते दार उघडलें.

विद्या मात्र सभासदत्वाची वाट पाहत बसली नव्हती. सोसायटीचें नियतकालिक १८४१ सालीं सुरू झालें, आणि त्यांत बाळशास्त्री जांभेकर यांचे ताम्रपटांवरील लेख प्रसिद्ध झाले. हे थोर पंडित १८४६ सालीं अल्पवयांतच निवर्तले. त्यांच्यानंतर डॉक्टर भाऊ दाजी यांनीं अजिंठ्याच्या शिलालेखांवर व कालिदासावर याच सोसायटीपुढें निबंध वाचले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं लेण्यांतील लेख व नाणीं यांचें वाचन शास्त्रशुद्ध पायावर आणलें. इ. स. १८९२ मध्यें न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग हे सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. स्थापनेपासून अध्यक्षपद भारतीयाकडे येण्यास ८८ वर्षें लागलीं. पहिल्या प्रश्नाचें, म्हणजे 'आंत कोणास जातां येतें' याचें उत्तर या सोसायटीपुरतें असें टप्प्याटप्प्यानें बदलत गेलें. आणि तें बदलण्यास लेखणी कारण झाली.

५. राज्य, कायदा आणि विद्यापीठ

ता. १ नोव्हेंबर १८५८ रोजीं, कंपनीचें राज्य संपून इंग्लंडच्या राणीनें कारभार हातीं घेतल्याचा जाहीरनामा टाऊन हॉलाच्या पायऱ्यांवरून वाचण्यांत आला. त्या वेळीं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हा होता. ज्या पायऱ्या सभेस जाण्यासाठीं बांधल्या, त्यांवर उभे राहून सत्तेनें खालीं जमलेल्या लोकांस आपला निर्णय ऐकविला. या प्रसंगीं नगर सभेच्या बाहेर होतें.

तथापि पुढच्या चारच वर्षांत आंतल्या दालनांत वेगळे प्रकार घडूं लागले. इ. स. १८६१ च्या कायद्यानें निर्माण झालेल्या मुंबईच्या कायदेकौन्सिलाची पहिली बैठक ता. २२ जानेवारी १८६२ रोजीं येथें भरली, आणि तींत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ नेमलेले सभासद म्हणून बसले. नेमणूक सरकारची, संख्या थोडी आणि अधिकार त्याहून थोडा, हें खरें. तरी कायदा करणाऱ्या सभेंत या प्रांतांतील माणसाचा स्वर प्रथम याच छपराखालीं उमटला.

त्याच वर्षीं मुंबई विद्यापीठाचा पहिला पदवीदान समारंभ येथें झाला. विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली होती, पण त्यास स्वतःचें घर नव्हतें. १८७४ सालीं त्याचें सभागृह तयार होईपर्यंत, म्हणजे सतरा वर्षें, त्याचा कारभार टाऊन हॉलांतूनच चालला. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे होते. या चौघांपैकीं रानड्यांनीं मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षाचा विचार पुढें इंग्रजींत ग्रंथबद्ध केला, आणि भांडारकरांनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचा पाया घातला. आपल्या संशोधनाची परंपरा ज्या दोन नांवांपासून मोजण्याची वहिवाट आहे, त्या दोघांनींही पदवी या गृहाच्या आश्रयानें घेतली, ही गोष्ट इतिहाससंशोधकांस विसरून चालणार नाहीं.

पुतळ्यांच्या रांगेंतही हाच बदल दिसतो. आरंभींचे पुतळे एल्फिन्स्टन, माल्कम, फोर्ब्स अशा इंग्रजांचे. चँट्री या नामांकित शिल्पकारानें ते घडविले. पुढें सर जमशेटजी जिजीभाई व जगन्नाथ शंकरशेट यांचे पुतळे त्यांच्या शेजारीं बसले. ज्यांस जिवंतपणीं आंत येण्यास वाट पाहावी लागली, त्यांच्या पिढीस दगडाच्या रूपानें कायमचें आसन मिळालें.

६. बोलण्याची मोकळीक

आतां दुसरा प्रश्न. टाऊन हॉलांतील जाहीर सभा बहुधा शेरीफानें बोलावण्याचा प्रघात होता. नागरिकांनीं सह्यांचा अर्ज करावा, शेरीफानें सभा जाहीर करावी, आणि प्रतिष्ठितांनीं ठराव मांडावेत, असा तो क्रम. या रीतीनें अनेक अभिनंदनें, दुखवटे व स्मारकें यांचे ठराव येथें संमत झाले. पण जी गोष्ट सरकारास रुचणारी नव्हती, ती या घराच्या बाहेर वाढली. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरांत मुंबईंतच भरलें. तें टाऊन हॉलांत भरलें नाहीं, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतींत भरलें. नगरसभागृह असतांना राष्ट्राच्या सभेस पाठशाळेचा आसरा घ्यावा लागला, हें त्या नांवावरचें एक मूक भाष्यच होय.

या गृहांत बोलण्याच्या अधिकाराची खरी परीक्षा १९१८ सालीं दोनदां झाली. पहिल्या महायुद्धाचें शेवटचें वर्ष चालू होतें. ता. १० जून रोजीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यानें टाऊन हॉलांत युद्धपरिषद बोलाविली. लोकमान्य टिळकांस आमंत्रण होतें. साम्राज्यावरील निष्ठेच्या ठरावावर ते बोलावयास उभे राहिले. साहाय्य व स्वराज्य यांचा संबंध ते सांगूं लागतांच गव्हर्नरानें त्यांस राजकीय चर्चेस मनाई असल्याचें सांगून थांबविलें. टिळक सभागृह सोडून बाहेर पडले. नरसिंह चिंतामण केळकर यांसही बोलूं न दिल्यामुळें तेही उठून गेले. उचित तें बोलतां येत नसेल तर सभेंत राहूं नये, हा जुना दंडक त्या दिवशीं टाऊन हॉलांत अक्षरशः पाळला गेला.

दुसरा प्रसंग ता. ११ डिसेंबर १९१८ चा. विलिंग्डन निवृत्त होत असतां त्याच्या स्मारकाचा ठराव करण्यासाठीं शेरीफानें टाऊन हॉलांत सभा बोलाविली. महंमदअली जिना व 'बॉम्बे क्रॉनिकल' पत्राचा संपादक बी. जी. हॉर्निमन यांच्या पुढारीपणाखालीं विरोधक सकाळपासून जागा धरून बसले. सभेस प्रारंभ होतांच जो गदारोळ उठला त्यांत कोणाचें भाषण कोणास ऐकूं आलें नाहीं, आणि अखेर पोलिसांनीं सभागृह रिकामें केलें. पुढें लोकांनीं एकेक रुपयाची वर्गणी जमवून 'पीपल्स जिना हॉल' बांधला. गव्हर्नरच्या स्मारकास विरोध करणाराचेंच स्मारक झालें, आणि तें वर्गणीदारांच्या मालकीचें सभागृह म्हणून झालें. हॉर्निमन यास १९१९ सालीं हद्दपार करण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर टाऊन हॉलासमोरील एल्फिन्स्टन सर्कलास त्याचें नांव देण्यांत आलें. ज्याचा आवाज आंत चालूं दिला नाहीं, त्याच्या नांवाच्या चौकांतूनच आतां आंत जावें लागतें.

७. एकेक भाडेकरू निघून गेला

या वास्तूच्या उपयोगांची यादी मांडली असतां एक नियम दिसतो. विद्यापीठानें १८७४ सालीं स्वतःचें घर केलें. कायदेकौन्सिल १९२१ सालीं, नव्या सुधारणांनंतर, येथेंच भरलें. पण १९२८ सालीं सरकारनें रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम ही इमारत त्याच्यासाठीं घेतल्यावर तेंही गेलें. जाहीर सभांस मैदानें व नवीं सभागृहें मिळालीं. म्हणजे जीं जीं कार्यें 'टाऊन हॉल' या नांवाशीं सुसंगत होतीं, तीं तीं सर्व एकेक करून बाहेर पडलीं. आणि जें कार्य त्या नांवांत मुळींच सुचविलेलें नाहीं, तें ग्रंथरक्षणाचें कार्य मात्र टिकलें. इ. स. १८११ च्या सूचनेचें मूळ ग्रंथसंग्रहांत होतें, हें आठवलें म्हणजे या टिकण्याचें आश्चर्य वाटत नाहीं. ओढा भोंवताली फिरून पुन्हा आपल्या पात्रास मिळावा, तसा हा प्रकार आहे.

स्वातंत्र्याच्या वर्षीं, १९४७ सालीं, प्रांताचें मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून या संग्रहाकडे काम सोंपविण्यांत आलें. तें १९९४ सालीं पुन्हा स्वतंत्र झालें. लंडनच्या सोसायटीशीं असलेला संबंध १९५४ मध्यें सुटून संस्थेनें 'एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे' हें नांव घेतलें. २००२ पासून त्यांतील 'बॉम्बे'च्या जागीं 'मुंबई' आलें.

८. संग्रहाचें मोल

हस्तलिखितांच्या संग्राहकांस या गृहाची ओळख प्रा. ह. दा. वेलणकर यांच्या १९२५ ते १९३० या काळांत प्रसिद्ध झालेल्या वर्णनात्मक सूचीवरून असेलच. संस्कृत व प्राकृत पोथ्यांच्या त्या सूचींत भाऊ दाजी व भगवानलाल इंद्रजी यांचे संग्रह एकत्र आले आहेत. महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालीं लिहिलेली सचित्र पोथी येथें आहे. सिकंदर लोदीच्या काळची व तारीख दिलेली म्हणून चित्रकलेच्या इतिहासांत तिचें स्थान मोठें आहे. दान्ते या इटालियन महाकवीच्या काव्याची जुनी हस्तलिखित प्रत येथेंच जपलेली आहे. सोपारें येथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्तूपाचें १८८२ च्या एप्रिलांत भगवानलाल इंद्रजी यांनीं उत्खनन केलें. त्यांत निघालेला करंडक व लहान बुद्धमूर्ति याच सोसायटीच्या स्वाधीन झाल्या. पोथी, नाणें, ताम्रपट, अस्थिकरंडक अशीं हीं चार प्रकारचीं साधनें ज्या घरांत एकत्र नांदतात, तें घर संशोधकाचें तीर्थ होय.

९. उपसंहार

असें असलें तरी सभागृहाचा धर्म येथून समूळ गेला, असें म्हणतां येत नाहीं. दुर्गाबाई भागवत या विदुषी कित्येक वर्षें या ग्रंथालयांत अभ्यासास बसत. इ. स. १९७५ च्या डिसेंबरांत कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं आणीबाणीचा उघड निषेध केला, आणि १९७६ सालीं त्यांस अटक झाली ती याच ग्रंथालयांत. टिळकांस १९१८ सालीं येथें बोलूं दिलें नाहीं म्हणून ते बाहेर पडले. दुर्गाबाई बाहेर बोलल्या म्हणून त्यांस येथून नेण्यांत आलें. राज्य परक्याचें असो कीं स्वकीयांचें असो, सभेच्या दंडकाची परीक्षा संपत नाहीं, एवढें या दोन प्रसंगांवरून सिद्ध होतें.

वास्तूचा इतिहास लिहितांना स्तंभांची संख्या, खर्चाचा आंकडा व कोनशिलेची तारीख यांवर आपली दृष्टि खिळते. या गोष्टी आवश्यक आहेत. पण दगड त्या आपण होऊन सांभाळतो. दार कोणास उघडलें, कोणास अडविलें, कोण बोलला, कोण उठून गेला, हें दगड सांगत नाहीं. तें सांगणारे कागद म्हणजे शेरीफाकडे केलेले सह्यांचे अर्ज, सभांच्या छापील जाहिराती, प्रवेशपत्रिका, वर्गणीच्या पावत्या, आणि जुन्या घराण्यांतील खासगी टिपणें. असे कागद पोथ्यांप्रमाणें कोणी तांबड्या फडक्यांत बांधून ठेवीत नाहीं. ते रद्दींत जातात. ज्या संग्राहकांच्या दप्तरांत असा एखादा कागद असेल, त्यांनीं त्याची नक्कल करून तारीखवार नोंद प्रसिद्ध करावी. मुंबईच्या टाऊन हॉलापुरतेंच हें लागू आहे असें नव्हे. सोलापूर, कोल्हापूर, नागपूर, बडोदें येथील जुन्या सभागृहांचा इतिहासही अशाच कागदांवांचून अपुरा राहील. मंडळाच्या पुढील अंकांत अशा साधनांस जागा मिळाली, तर या लेखाचें सार्थक झालें असें मी समजेन.